आधी आईशी बोलायचं

फोन आला तेव्हा मी ब्राह्मणपुरीच्या घरी ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. धाकटा दीर विलास बोलत होता. त्याला सकाळी फोन करायची सवय नाही, म्हणून मी आधीच हातातलं ताट खाली ठेवलं. "वहिनी, शैला गयी..." एवढंच म्हणाला. मग दवाखान्यातल्या नर्सने त्याच्या हातातून फोन घेतला. मॅडम आंघोळ करून खाली दवाखान्यात यायला निघाल्या, जिन्यात मध्येच बसल्या, त्या उठल्याच नाहीत, असं तिने रडत रडत सांगितलं. डोक्यात रक्तस्राव झाला म्हणे. शहादा आमच्यापासून काही लांब नाही, पण त्या दिवशी रस्ता संपेना. गाडीत बसून मी तिच्यावर रागावतच होते. उपास धरून दवाखान्यात उभी राहू नकोस, वेळेवर जेव, बीपीची गोळी विसरू नकोस, हे सगळं मी तिला कितीदा सांगितलं असेल... पण ऐकेल ती शैला कसली!

डॉ. शैलजा माझी धाकटी जाऊ. शहाद्यात तिचा सोनोग्राफीचा दवाखाना होता. सातपुड्यातल्या पाड्यांपासून तापीकाठच्या गावांपर्यंतच्या बायका पोट घेऊन तिच्याकडे यायच्या, आणि तिला डॉक्टरपेक्षा 'मशीनवाली बाई' म्हणूनच जास्त ओळखायच्या. तिला जाऊन आता दीड-दोन महिने होत आले. तिच्यावर लेख लिहा असा आग्रह झाला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी आयुष्यभर पोरांचे निबंध तपासले, स्वतः लिहायची वेळ कधी आली नाही. पण चौकाचौकात श्रद्धांजलीचे बोर्ड लागले, त्यावर कुणी तिला देवदूत केलं, कुणी ममतेची मूर्ती केलं, आणि माझं डोकं फिरलं. ममतेची मूर्ती! अहो, त्या मशीनसमोर बसली की ती नुसता दगड व्हायची. का व्हायची, आणि तो दगड पुढे कसा फुटला, हे आमच्या घराला ठाऊक आहे. तेच सांगते.

ती लग्न होऊन आली तेव्हा मला ती अजिबात आवडली नव्हती, हे कबूल करायला मला काही वाटत नाही, कारण तिलाही ते ठाऊक होतं आणि आम्ही दोघी त्यावर पुढे पोट धरून हसलो आहोत. धुळ्याची पोर, डॉक्टर, त्यातही सोनोग्राफीचं शिक्षण घेतलेली. सासूबाई सगळ्या भाऊबंदांत सांगत फिरायच्या, आमची धाकटी अशी आणि आमची धाकटी तशी. मी पहाटे उठून सगळ्यांचं करून शाळेत जाणारी, माझं कौतुक कुणाला? तिला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापता येत नव्हती. पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुरणपोळी खापरावर टाकायला गेली आणि अर्धी पोळी चुलीत घालून बसली. मी तोंडाने काही बोलले नाही, पण माझा चेहरा बोलत असणार. तर ही बया संध्याकाळी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "ताई, मला पोळी शिकवा, मी तुम्हाला बाळाचं हृदय कसं दिसतं ते दाखवते." असलं आमिष मला जन्मात कुणी दाखवलं नव्हतं. त्या दिवसापासून आमचं जमलं. पोळी मात्र तिला शेवटपर्यंत आली नाही.

तिचं पहिलं मशीन मी पाहिलंय. खराब हवेत जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या ना, तसं सगळं करडं दिसायचं. त्यात ती बोट ठेवून दाखवायची, हे डोकं, हा कणा, हे धडधडतंय ते काळीज. मला मुंग्याच दिसायच्या. त्या काळात मशीनवर डोकं, पाणी, बाळाचं वजन आणि ठोके एवढं कळलं तरी पुष्कळ वाटायचं. हृदयाला दोष आहे, कण्याला फट आहे, हे कितीदा मूल हातात आल्यावरच समजायचं, आणि मग म्हातारी माणसं ग्रहणाला, बाहेरच्या बाधेला, नाहीतर सुनेच्या नशिबाला बोल लावून मोकळी व्हायची. पुढे विलासने तिला नवं मशीन घेऊन दिलं. त्यात रक्ताची धार लाल-निळी दिसायची. मी विचारलं, निळं म्हणजे वाईट रक्त का गं? तर म्हणाली, नाही ताई, रंग चांगल्या-वाईटाचा नाही, धार आपल्याकडे येते की लांब जाते एवढंच तो सांगतो. पाचव्या महिन्यात नीट बघितलं तर हृदयाचे चारही कप्पे, त्यातून निघणाऱ्या नळ्या, ओठ, पाय, मणके, सगळं ती एकेक करून तपासायची. पाचवा महिना चुकवू नका, हे तिचं पालुपद होतं. पण आमच्याकडे वरच्या गावांतल्या बायका नेमक्या त्याच दिवसांत ऊसतोडीला गुजरातमध्ये गेलेल्या असायच्या. त्या होळीला घरी परत यायच्या, काठी गावची होळी बघून मग तिच्याकडे यायच्या, तेव्हा आठवा लागलेला असायचा.

आता तिच्या चेहऱ्याबद्दल. मुलगा की मुलगी हे सांगायचं नाही असा कायदा आहे, तिच्या भिंतीवर तसा बोर्डही होता, आणि ती तो कायदा अक्षरशः पाळायची. पण आपले लोक केवढे बिलंदर! बाईंनी तोंडाने सांगितलं नाही तर काय झालं, बाईंचा चेहरा तर सांगतो ना? बाहेरच्या बाकावर बसून लोकांनी त्याचं अख्खं शास्त्र रचलं होतं. बाई हसल्या म्हणजे मुलगा. 'जपा' म्हणाल्या म्हणजे मुलगी. परत बोलावलं म्हणजे मुलगी, नवऱ्याला आत बोलावलं म्हणजे नक्की मुलगी. एकदा तिने कुणाला सहज पाणी विचारलं, तर त्या माणसाने बसस्टँडवर पेढे वाटले. हे तिच्या कानावर आलं आणि ती हादरली. आपल्या एखाद्या हसण्या-न हसण्यावरून कुणी पोटातली पोर पाडून यायचं, ही भीती तिच्या मनात बसली. तेव्हापासून तिने चेहराच पुसून टाकला. सगळ्यांना एकच वाक्य, एकाच आवाजात. "बघितलं आहे. रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांना दाखवा." काही दोष दिसला तर चिठ्ठी लिहायची आणि तोंडाने म्हणायची, "एकदा मोठ्या मशीनवर दाखवून घ्या." तेही त्याच आवाजात. घरातसुद्धा तेच. कुणाची ओटी भरायची असली की ही बाई हजर नसायची, उगाच कुणी आपल्या तोंडाकडे बघत बसायला नको म्हणून. सासूबाई चिडायच्या. मला मात्र तिचा अभिमान वाटायचा. आमच्या भागात एवढी ताठ राहिलेली डॉक्टर मी दुसरी पाहिली नाही.

मग माझ्या योगिताला दिवस गेले.

योगिता माझी एकुलती एक लेक. तिचं सासर तळोद्याजवळ, केळी-पपईची शेती, खाऊनपिऊन सुखी घर. तिचे सासरे रतनभाऊ, म्हणजे माझे व्याही, जुन्या वळणाचे पण मनाने फार सरळ माणूस. त्यांच्या घरात सुनेला ताट वाढून ठेवायची पद्धत होती, तिने उरलंसुरलं खायची नव्हती, यावरूनच मी ते घर पसंत केलं होतं. पाचव्या महिन्यात ते योगिताला घेऊन शैलाकडे आले. शैलाने तपासलं, वेळ लावून तपासलं, आणि बाहेर येऊन रतनभाऊंच्या हातात चिठ्ठी दिली. बाळाचं हृदय हवं तसं दिसलं नाही हे चिठ्ठीत होतं, तोंडाने एवढंच म्हणाली, "सुरतला मोठ्या मशीनवर दाखवून घ्या." चेहरा तोच, आवाज तोच. मला ती एका शब्दानं काही बोलली नाही. पेशंटची गोष्ट ती तेव्हा घरात कधी काढत नसे, मग पेशंट माझी लेक का असेना. योगितालाही तिने एवढंच सांगितलं की खात्री करून घेऊ, काळजी करू नकोस. खात्री झाल्याशिवाय आईच्या जिवाला घोर कशाला, असं तिचं तेव्हाचं धोरण होतं.

आणि इथे ती चूक झाली. आमच्या मुलखातच होऊ शकेल अशी. सुरत आम्हाला मुंबई-पुण्यापेक्षा जवळ. लग्नाचा बस्ता सुरतचा, मोठं दुखणं निघालं तरी गाडी नवापूरमार्गे सुरतलाच. पण पोटुशी सुनेला एखाद्या घराने गुपचूप हद्दीपलीकडे नेलं की लोक वेगळंच समजतात. कायदा तिकडेही तोच आहे, डॉक्टरही इकडच्यासारखेच बरेवाईट, तरी गावगप्पांना कुठे धरबंध असतो? रतनभाऊंनी चिठ्ठी वाचलीच नाही. सुनेची सख्खी काकू, एरवी कुणाला काही न सांगणारी बाई, आपल्याला सुरतला जा म्हणते... त्यांनी त्यांच्या मनाने अर्थ लावला. पोटात मुलगी आहे, आणि ती पाडून यायची वाट काकू माहेरच्या मायेपोटी आपल्याला दाखवते आहे. त्यांना भयंकर राग आला. आमचं घर काय तसलं आहे का? त्यांनी चिठ्ठी कपाटात टाकली आणि घरात सगळ्यांना बजावलं की सुरतचं नाव काढायचं नाही. जावयाने फोनवर शैलाला "हो काकू, बघतो" म्हटलं. तिला वाटलं, चिठ्ठी दिली, सांगून झालं, शहाणी माणसं आहेत, गेली असतील.

सातव्या महिन्यात योगिताची ओटी भरायची ठरली. योगिताने हट्ट धरला की काकू आली पाहिजे, आणि शैला आपला नेम मोडून आली. अंगणात मांडव, पन्नासेक बायका, बाहेर पुरुषांची पंगत. सगळं छान चाललं होतं. ओटी भरून झाली तसे रतनभाऊ मांडवाच्या दारात येऊन उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "डॉक्टरीण बाईंनी आम्हले सुरतले जा म्हणी सांगं. आम्हले काय समजाडानं ते समजनं. पण मी कोणले जाऊ दिधं नही. पोर ऊनी तर पोर. मन्हा घरमा लक्ष्मी येस, तिले काय मी दारमातून परत धाडू?" बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. असा व्याही मिळायला भाग्य लागतं, असं मनात म्हणत मी शैलाकडे वळले. हिला वाईट वाटलं असेल, भाऊंनी चारचौघांत असं बोलायला नको होतं, असं काहीतरी मी बोलणार होते. पण तिच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत तिचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. पांढरीफटक पडली होती. तिच्या हातातली खणाची घडी खाली पडली, ती तिने उचलली नाही.

"रतनभाऊ," ती म्हणाली, "पोर का पोऱ्या मी देखेलच नही. बाळना हृदयमा दोष शे."

तिने योगिताचा हात धरला, भाऊंना, जावयाला आणि मला आत घेतलं, आणि धान्याच्या पोत्यांच्या खोलीत दार लावून बसली. तिथे जमिनीवर सांडलेल्या धुळीतच तिने बोटाने काढून दाखवलं, भाऊंना समजेल असं. समजा, दोन विहिरी आणि दोन मोटारी, विहिरी म्हणजे फुप्फुसं, मोटारी म्हणजे हृदयाच्या दोन बाजू, आणि शेत म्हणजे अंग. नीट असलं तर एका विहिरीचं पाणी शेतात जातं, शेतातलं दुसरीत येतं, असा फेरा पूर्ण होतो. तुमच्या बाळाच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या नळ्या उलट जोडल्या गेल्यात असं मला दिसलं. म्हणजे शेतातलं पाणी परत शेतातच, विहिरीतलं परत विहिरीतच. चांगलं रक्त अंगाला पोचणारच नाही. पोटात आहे तोवर आई पुरवते, म्हणून बाळ खेळतंय, वाढतंय. जन्मल्यावर ते आपल्या इथे असलं तर निळं पडेल, आणि मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत हातचं जाईल. तेच बाळ जिथे लहान मुलांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं तिथे जन्मलं, तर नळ्या बदलून लावता येतात आणि बाळ जगू शकतं. रतनभाऊ धुळीतल्या त्या रेषांकडे बघत राहिले. विचारलं ते योगिताने.

"काकू, पोट मन्हं व्हतं. मले का बरं नही सांगं?"

माझी लेक कधी कुणाला उलट बोललेली नाही. शैलाने मान खाली घातली नाही, सरळ तिच्याकडे बघून म्हणाली, "चुकनं मन्हं, बेटा." तेवढंच. सारवासारव नाही, कायद्याचं नाव पुढे करणं नाही. नंतर मला एकटीला म्हणाली, "ताई, मुलगी वाचावी म्हणून मी चेहरा बंद केला, आणि त्या बंद चेहऱ्यानं हे झालं. आधी कळलं असतं तर काय करायचं ते ठरवायला तिच्या हातात वेळ होता. तो मी घालवला." मी म्हटलं, अगं, तिने ठेवलंच असतं बाळ. तर म्हणाली, असेल, पण ते तिने म्हणायचं होतं, तुम्ही-मी नाही. खरं सांगायचं तर त्या वेळी मला तिचा थोडा रागही आला होता. माझ्या पोरीचा जीव टांगणीला लागलेला आणि ही न्यायनिवाडा करत बसलेली. आज वाटतं, बरोबर बोलत होती.

सुरतला गेलो. शंका खरी निघाली. बाळंतपण तिथेच करायचं ठरलं, आणि रतनभाऊंनी दिवस भरायच्या आधीच दवाखान्याजवळ खोली घेऊन सुनेला तिथे ठेवलं. शैला दवाखाना बंद ठेवून आली. बाळ जन्मलं, थोड्या वेळात ओठ जांभळे झाले, डॉक्टर तयारच होते, त्यांनी औषध सुरू केलं. मग ऑपरेशन. शैला दिवसभर दाराबाहेरच्या खुर्चीवर ताठ बसून होती. रतनभाऊ तिच्या शेजारी. दोघांनी एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही, पण चहा आला की भाऊ आधी कप तिच्या हातात द्यायचे. बाळ वाचलं. आता शाळेत जातं, छातीवर उभा व्रण आहे, तो उघडा टाकून अंगणात धावतं. मुलगा झाला की मुलगी हे मी इथे मुद्दाम लिहीत नाही. लेख शैलावर आहे, आणि ज्याला त्याच प्रश्नाची घाई आहे त्याने पुढे वाचलं नाही तरी चालेल.

त्यानंतर शैलाच्या कामाची रीत बदलली. तपासून झालं की पोटावरचं जेल ती स्वतः पुसायची, बाईला उठून बसवायची, साडी सावरू द्यायची आणि तिच्या समोर स्टुलावर बसायची. नवरा, सासू, सासरा, कुणी कितीही घाईत असो, त्यांना बाहेर थांबायला लावायची. पहिलं वाक्य ठरलेलं. मुलगा-मुलगी मी बघत नाही, आता बोलते ते बाळाच्या तब्येतीचं, आणि आधी तुझ्याशी. मग काय दिसलं, काय नीट दिसलं नाही, सगळं साध्या बोलीत सांगायची. तिने विचारलं तर तीच गोष्ट पुन्हा सांगायची. मग ती बाई म्हणेल त्याला आत बोलवायचं. ती कुणालाच नको म्हणाली तर कुणालाच नाही. सासवांनी बोंबा मारल्या. आमच्या पोराच्या बायकोशी एकटीशी काय बोलायचंय, असं म्हणत एकजण तर दार वाजवत राहिली होती. शैलाने उघडलं नाही.

हे सगळं सोपं नव्हतं तिला. एका बाळाचा टाळू दुभंगलेला होता, तो तिला दिसला नव्हता. बापाने दवाखान्यात येऊन आरडाओरडा केला, एवढं महागडं मशीन मग कशाला ठेवलंय म्हणून. मशीनला ते बहुतेकदा दिसत नाही हे तिला सांगता आलं असतं, पण तेव्हा सांगितलं नाही. पुढे मात्र प्रत्येक बाईला सांगायची, मला जे दिसलं ते मी सांगितलं, न दिसलेलंही काही असू शकतं. मी तिला म्हटलं, अशाने लोक तुझ्याकडे यायचे नाहीत. तर म्हणाली, खोटा धीर घेऊन जाण्यापेक्षा न आलेले बरे. हट्टी ती होतीच.

आणि वर सातपुड्यातल्या मोलगीकडची एक बाई. ऊसतोडीहून होळीला परतली, आठव्या महिन्यात जीपने खाली आली. बाळाच्या डोक्याची कवटीच तयार झालेली नव्हती. असं मूल जगत नाही. पूर्वीची शैला असती तर चिठ्ठी लिहून मोकळी झाली असती. त्या दिवशी नर्सला शेजारी बसवून, नर्स त्या बाईच्या बोलीत सांगेल तसतशी थांबत, तिने सगळं समजावलं. एवढं पुढे गेल्यावरही डॉक्टरांच्या मंडळाकडे जाऊन, गर्भ काढून मोकळं होता येतं, तेही सांगितलं. बाईने एकच विचारलं, आत्ता हलतंय का? हलत होतं. मग ती म्हणाली, हलतंय तोवर राहू दे, माझ्या घरी येऊ दे. ते मूल जन्मून काही तासच राहिलं. आजीने त्याला मांडीवर घेतलं, नाव ठेवलं, असा निरोप त्या बाईने नर्सजवळ पाठवला. शैला मला हे सांगताना रडली. एरवी मला रडूबाई माणसांचा राग येतो, पण त्या दिवशी मीही तिच्या बरोबरीने रडले. पुढच्या खेपेला ती बाई ऊसतोडीला जायच्या आधीच आली, फॉलिक अॅसिडच्या गोळ्या घेऊन गेली, आणि त्या वेळी सगळं नीट झालं. शैलाला तो आनंद सांगायला दुसरं कुणी नव्हतं. विलासला असल्या गोष्टी ऐकवत नाहीत. मग माझा फोन वाजायचा. "ताई, जेवल्या का?" असं आधी विचारायची आणि अर्धा तास बोलायची... आता संध्याकाळी फोन वाजला की हात आपोआप पुढे जातो.

ती गेल्यावर काही दिवसांनी सरकारी माणसं आली, पंचनामा झाला आणि मशीनला सील लागलं. तसा नियमच आहे. ज्या डॉक्टरच्या नावावर परवानगी, तो गेला की मशीन दुसऱ्या कुणी चालवायचं नाही. पण बायकांना कोण सांगणार? त्या येतच राहिल्या. कुणी धडगावहून, कुणी अक्कलकुव्याकडून, तारीख दिलेली म्हणून येऊन बाकावर बसायच्या. विलासला दार उघडायचंही बळ नव्हतं. म्हणून मी सकाळी जाऊन बसायला लागले. बाई राहिल्या नाहीत, नंदुरबारला जा, असं सांगायचं. प्रत्येकीला सांगताना ती पुन्हा एकदा मरते असं वाटायचं.

गेल्या आठवड्यात रतनभाऊ विलासला भेटायला आले होते. भेटून झाल्यावर माझ्याजवळ दवाखान्यात येऊन बसले. बाकावर बायका होत्याच. त्यात एक कोवळी सून, बरोबर तिची सासू आणि नवरा, शहाद्याच्या जवळपासच्याच गावचे. शैलाने जायच्या आधी तपासून त्या पोरीला सगळं समजावलं होतं, बाळाच्या हृदयाच्या नळ्या उलट असल्याची शंका आहे, सुरतला दाखवा म्हणून. पोरीने घरी जाऊन सांगितलं, पण तिचं कोण ऐकतं? सासू आता बाईंनाच विचारायला आली होती. बाई गेल्या हे कळल्यावर जरा वेळ हळहळली आणि मग माझ्या कानाशी लागून म्हणाली, "आम्हले पोर चालस वो ताई. सुरतले नही जावानं आम्हले." शेजारी बसलेल्या भाऊंनाही ते ऐकू गेलं.

रतनभाऊ उठले. आमच्याकडे या वयाचा माणूस परक्याच्या सुनेसमोर उभाही राहत नाही, ती पदर ओढून घेते आणि जे काय बोलायचं ते तिच्या घरच्यांशी बोलायचं. सासू आणि नवरा पुढे झाले. भाऊंनी हाताने त्यांना थांबवलं, आत जाऊन शैलाचं स्टूल उचलून आणलं, त्या पोरीसमोर ठेवलं आणि त्यावर बसले.

"माय, पोट तुन्हं शे. पहिले तू आयक," ते म्हणाले. "मी बी आसंच समजनू व्हतू."

मग त्यांनी तिला दोन विहिरी आणि दोन मोटारींचं सांगितलं. शैलाने सांगितलं होतं तसंच, थांबत थांबत, मध्ये मध्ये तिला समजलं का ते विचारत. पोरीने पदर मागे सारला आणि तिच्या मनात होतं ते सगळं त्यांना विचारलं. ऑपरेशनमध्ये बाळ रडतं का, तेसुद्धा. भाऊंना जेवढं येत होतं तेवढ्याची उत्तरं त्यांनी दिली, बाकीचं सुरतचे डॉक्टर सांगतील म्हणाले. मग तिनेच नवऱ्याकडे बघून सांगितलं की जायचं. भाऊंची गाडी बाहेरच होती. सासू काहीतरी पुटपुटत मागे बसली, पोर पुढे बसली, आणि गाडी नवापूरच्या रस्त्याला लागली. मी स्टूल उचलून आत नेलं, सील लावलेल्या मशीनपाशी, ती ठेवायची तिथे ठेवलं. बाहेर बाकावर बाकीच्या बायका बसलेल्या होत्या. त्यांना बाई गेल्याचं अजून सांगायचं होतं.